गुरुवारची अहिंसा

पतंजलींच्या योगसूत्रांची संख्या १९५, काही प्रतींत १९६. त्यांतली आसनावरची सूत्रं तीन. पहिलं सांगतं, बसणं स्थिर आणि सुखाचं असावं. दुसरं सांगतं, धडपड सैल सोडली आणि मन अनंताशी लावलं की ते साधतं. तिसरं सांगतं, मग थंडी-उन्हासारखी द्वंद्वं टोचत नाहीत. संपलं. गुडघा कुठे, टाच कुठे, श्वास कधी घ्यायचा, याबद्दल अवाक्षर नाही. भाष्यकार व्यासांनी पद्मासन, वीरासन, भद्रासन अशी काही नावं घेतली आहेत, पण नावांपलीकडे तेही फारसे गेलेले नाहीत. याउलट यम, म्हणजे दुसऱ्याशी वागताना पाळायची बंधनं, आणि नियम, म्हणजे स्वतःला लावायची शिस्त, यांवर दुसऱ्या पादात, म्हणजे दुसऱ्या प्रकरणात, सलग सोळा सूत्रं आहेत. माझी उभी हयात सहकारी बँकेत व्हाउचरं तपासण्यात गेली, त्यामुळे पुस्तक हातात आलं की मी आधी बेरजा करते. ही बेरीज केली तेव्हा वाटलं, आपण ज्याला रोजच्या बोलण्यात योग म्हणतो, त्यात तीन सूत्रांना तासभर मिळतो आणि सोळा सूत्रांना भिंतीवरचा तक्ता.

तक्ता म्हणजे खरोखरचा तक्ता. मी पुण्यात ज्या वर्गाला जाते तिथे खिडकीच्या बाजूला तो लावलेला आहे. शवासनात डोळे किलकिले केले की दिसतो. त्यावर पाच यम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. त्यावर वर्गात कधी कोणी बोलत नाही, आणि यात शिकवणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. वाकलेली पाठ हात लावून सरळ करता येते. वाकडं बोलणं कसं सरळ करणार? शिवाय पश्चिमोत्तानासन एकट्याने करता येतं, यम एकट्याने करता येत नाहीत. चोरायला दुसऱ्याच्या मालकीचं काही लागतं, खोटं बोलायला ऐकणारा लागतो, दुखवायला दुखावला जाणारा लागतो. आठ अंगांतलं पहिलंच अंग असं आहे की ज्याला घरात दुसरं माणूस हवं. योग म्हणजे आत वळणं, स्वतःकडे जाणं, वगैरे आपण ऐकत असतो. पतंजली मात्र सुरुवात शेजारच्या माणसापासून करतात.

महाराष्ट्रात योग ज्या वाटेने घरोघरी आला ती वाट शरीराची होती, त्यामुळेही असेल. १९१८ साली श्री योगेंद्रांनी वर्सोव्याला संस्था काढली, तीच पुढे सांताक्रूझला गेली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचं मूळ नाव. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना पोटात काय होतं हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं त्यांना आढळलं, आणि त्या निर्वात स्थितीला त्यांनी आपले गुरू माधवदासजी महाराजांचं नाव दिलं. गुरुदक्षिणेची इतकी वैज्ञानिक तऱ्हा मला दुसरी माहीत नाही. १९३७ साली योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार पुण्यात आले आणि इथेच राहिले. योगाला अंधश्रद्धेच्या आणि जादूटोण्याच्या राशीतून बाहेर काढायचं तर मोजता येईल, दाखवता येईल, बरं करता येईल असं काही हातात असणं भाग होतं. आतड्यातला दाब मोजता येतो. घरात शिरल्यावर बायकोशी आपण कोणत्या आवाजात बोललो, याला मापक नाही.

आणि आणखी एक वाट औंधची. माझे वडील त्या वाटेने आले.

औंध हे आज सातारा जिल्ह्यातलं गाव, यमाईच्या डोंगराखालचं. तेव्हा ते संस्थान होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले होते. अण्णा त्या शाळेत शिकले. संस्थान विलीन झालं, अण्णा साताऱ्याला जिल्हा परिषदेत नोकरीला लागले, पण नमस्कार सुटले नाहीत. पहाटे उठून थंड पाण्याने आंघोळ, मग ओसरीवर घोंगडी अंथरून ‘ॐ ह्रां मित्राय नमः’ सुरू. आम्ही पांघरुणात असायचो. त्या आवाजावरून किती नमस्कार उरले आहेत, म्हणजे अजून किती वेळ झोपता येईल, याचा अंदाज आम्हा भावंडांना बिनचूक यायचा. शरीर असं की सत्तरीतही पाठीला बाक नव्हता. बीपी नाही, साखर नाही, चष्माही फक्त वाचायला.

आणि राग. चहा निवला, भाकरीचा काठ करपला, पेपरची घडी मोडली, पाहुण्यांसमोर कोणी मध्ये बोललं, एवढं पुरे. मारायचे क्वचित. पण आवाज असा चढायचा की शेजारच्या वाड्यातला रेडिओ बंद व्हायचा. अर्ध्या तासापूर्वी सूर्याच्या बारा नावांना वाकलेला माणूस हाच का, असा प्रश्न मला लहानपणी पडत नव्हता. मुलांना बाप आहे तसा असतो. प्रश्न पडला तो मी स्वतः वर्गाला जायला लागले तेव्हा. इतक्या वर्षांच्या, एक दिवस न चुकलेल्या साधनेने या माणसाचं नेमकं काय साधलं?

एक सोपं उत्तर आहे, आणि ते जाणकार लगेच देतात. सूर्यनमस्कार हा व्यायाम, योग नव्हे. यात तथ्य आहे. योगाशी त्यांची सोयरीक अलीकडची, विसाव्या शतकातली. हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथावरच्या ज्योत्स्ना टीकेत तर ब्रह्मानंदांनी फार सूर्यनमस्कार घालणं हे साधकाने टाळायच्या कायाक्लेशांत धरलं आहे. मूळ ग्रंथातही योग कशाने नासतो त्याची यादी आहे. अति खाणं, अति श्रम, बडबड, नियमांचा हट्ट, माणसांची गर्दी, चंचलपणा. नियमांचा हट्ट! थंड पाण्याची आंघोळ डिसेंबरातही न सोडणाऱ्या अण्णांना हे कोणी वाचून दाखवलं असतं तर वाचून दाखवणाऱ्याचीच धडगत नव्हती. पण या उत्तराने माझं समाधान होत नाही. नावाप्रमाणे शुद्ध योग करणारे, शीर्षासनात दहा दहा मिनिटं राहणारे, आणि वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये वॉचमनवर खेकसणारे मी पाहिले आहेत. त्यांचं काय?

अण्णांचं एक वेगळेपण होतं. ते गुरुवारी रागवत नसत.

दत्ताचा वार म्हणून त्यांचा तसा नेम होता. कधी, कोणाच्या सांगण्यावरून धरला, माहीत नाही. गुरुवारी आवाज चढायचा नाही म्हणजे नाही. चहा निवलेला असला तर गप पिऊन टाकायचे. मुठी आवळलेल्या दिसायच्या, जबडा हललेला दिसायचा, पण शब्द नाही. घराने या नेमाभोवती आपली सगळी व्यवस्था लावून घेतली होती. प्रगतिपुस्तकावर सही गुरुवारी. फुटलेल्या कपबशीची बातमी गुरुवारी. मामाने पैसे मागितल्याचं पत्र सोमवारी आलं तर आई ते डब्याखाली ठेवायची आणि गुरुवारी संध्याकाळी आरती झाल्यावर बाहेर काढायची. भावाने नापास झाल्याचं सांगायला वार गाठला होता, पण निकालच शुक्रवारी लागला. बिचारा सहा दिवस पोटात घेऊन हिंडला.

पुढे योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं एकतिसावं सूत्र वाचताना मी एकटीच मोठ्याने हसले. पतंजली म्हणतात, यम हे जाती, देश, काळ, समय यांनी तुटलेले नसतील तेव्हा ते महाव्रत. व्यास त्यावर उदाहरणं देतात ती कोळ्याची. मी फक्त मासे मारीन, दुसरं काही नाही, ही जातीने मर्यादित अहिंसा. तीर्थक्षेत्री मारणार नाही, ही देशाने मर्यादित. चतुर्दशीला मारणार नाही, ही काळाने मर्यादित. आणि देवाब्राह्मणांच्या कारणाखेरीज मारणार नाही, ही समयाने, म्हणजे प्रसंगाच्या अटीने मर्यादित. दीड हजार वर्षांपूर्वीच्या भाष्यात आमची ओसरी निघाली. श्रावणात मटण नाही, सोमवारी अंडं नाही, देवळात शिवी नाही, गुरुवारी राग नाही. आपली बहुतेक अहिंसा अशी कॅलेंडरवर असते.

वाचनाच्या आनंदात मी तेव्हा निकाल देऊन टाकला होता, की अण्णांचं व्रत कच्चं. मला थांबवलं ते बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने. ते सांगलीकडचे जैन. निवृत्तीनंतरही आमचं फोनवर बोलणं होतं. मी हा कोळी त्यांना ऐकवला तेव्हा ते म्हणाले, ‘‘बाई, आमच्याकडे हीच पाच व्रतं आहेत. मुनींना ती महाव्रतं, संसारी माणसाला अणुव्रतं. आणि संसाऱ्याने मर्यादा घालून घ्यायची, हीच तर रीत आहे. या दिशेला इतक्याच अंतरापर्यंत जाईन, आज इतक्याच जागेत व्यवहार करीन. मर्यादा म्हणजे पळवाट कशाला? ती पायरी आहे.’’ मी विचार करत राहिले. सूत्रकारांसमोर सगळं सोडून निघालेला माणूस होता. त्याला काळ-वेळाची सवलत देऊन कसं चालेल? जैन परंपरेने मात्र दुकान, शेत, पोरंबाळं असलेल्या माणसाला सुरुवात कुठून करू, असं विचारल्यावर पाठवून दिलं नाही. चतुर्दशीला न मारलेल्या माशांना तेवढा दिवस तरी मिळालाच होता. आम्हालाही गुरुवार मिळत होता.

अण्णा थकल्यावर, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्यावर, मी त्यांना एकदा विचारलं, ‘‘अण्णा, गुरुवारीच का? जमत होतं तर रोज का नाही?’’ छताकडे बघत म्हणाले, ‘‘एक दिवस जमतो. रोजचं झेपत नाही. बुधवारी रात्रीपासून तयारी करायला लागते.’’ एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं, आणि ते कोमट निघाल्यावर आवाज चढवला. वार मंगळवार होता.

बुधवारी रात्रीपासून तयारी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नमस्कारांची तयारी ते कधी करत नव्हते. ते अंगात मुरलेले होते, आपोआप होत. ज्याला ते धर्म म्हणून, साधना म्हणून मिरवत नव्हते, त्या एका दिवसाच्या गप्प बसण्यात त्यांचे खरे कष्ट होते.

आई या सगळ्यात कुठे होती? इथे लेखकांना एक मोह होतो, की आसनं न करणारी, सोसणारी आईच खरी योगिनी होती असं लिहून टाकावं. ती तशी नव्हती. तिने प्रत्येक शब्द लक्षात ठेवला होता, तारीखवार, आणि अण्णा ऑफिसला गेले की तो सगळा जमाखर्च आम्हाला ऐकवायची. तिच्या गप्प राहण्यात भीती होती, हुशारी होती, चिडही होती. उपेक्षा नव्हती. दुष्कृत्याकडे उपेक्षेने, म्हणजे मनाला लावून न घेता, पाहावं असं सूत्र सांगतं खरं, पण ज्याच्यावर आपलं जेवणखाण अवलंबून आहे त्याची उपेक्षा कोण करू शकतं? उपेक्षा ही पाय मोकळे असणाऱ्याची गोष्ट आहे. सूत्रं वाचताना हे असं अधूनमधून स्वतःशी म्हणत राहावं लागतं, कारण ती लिहिणाऱ्यासमोर स्वयंपाकघर नव्हतं.

पण जे होतं ते मात्र विलक्षण बारकाईने होतं. चौतिसावं सूत्र घ्या. हिंसा वगैरे तीन प्रकारांनी होते, स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, दुसऱ्याने केलेल्याला मान्यता दिलेली. कृत, कारित, अनुमोदित. प्रत्येकीचं मूळ तिघांपैकी एक, लोभ, क्रोध किंवा मोह. प्रत्येकीची तीव्रता पुन्हा तीन, सौम्य, मध्यम, तीव्र. व्यासांनी लगेच गुणाकार करून सत्तावीस प्रकार काढले, मग तीव्रतेचे आणखी तीन-तीन भाग करून एक्याऐंशी, आणि शेवटी प्राणी असंख्य म्हणून प्रकारही असंख्य असं म्हणून मोकळे झाले. बँकेत काम केलेल्या माणसाला हे सूत्र समजावून सांगावं लागत नाही. एकाने व्हाउचर लिहायचं, दुसऱ्याने पास करायचं, ही आमची रीत. आता संगणकावर त्याला मेकर आणि चेकर म्हणतात. घोटाळा निघाला की पहिल्यांदा मेकर म्हणतो, साहेबांनी सांगितलं म्हणून केलं. चेकर म्हणतो, समोर आलं म्हणून पास केलं, मी काही लिहिलं नव्हतं. चौकशीत दोघांच्याही सह्या सारख्याच वजनाच्या ठरतात. पतंजलींनी तर तिसरी सहीही पकडली आहे, जिने ना लिहिलं ना पास केलं, नुसतं बाजूला उभं राहून बरं झालं म्हटलं.

त्याहून मला हलवलं ते व्यासांच्या मोहाच्या व्याख्येने. लोभाने हिंसा म्हणजे मांसासाठी, कातड्यासाठी. क्रोधाने म्हणजे याने माझं वाईट केलं म्हणून. आणि मोहाने? ‘धर्मो मे भविष्यति’, यातून मला पुण्य लागेल, असं समजून. मी हे वाचेपर्यंत अण्णांचा राग हा राग समजत होते. आता वाटतं, त्यातला निम्माशिम्मा या तिसऱ्या रकान्यातला होता. शिस्त लागावी म्हणून, वळण लागावं म्हणून, पुढे लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून. ओरडून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नसायचा, कर्तव्य केल्याचं समाधान असायचं. रागातून माणूस शुद्धीवर येतो, घोटभर पाणी पितो, निवतो. तुझ्या भल्यासाठीच बोलतोय, या समजुतीतून येत नाही. घराघरांतले मोठे आवाज, शाळांतल्या छड्या, आणि घराबाहेरच्याही कितीतरी मोठ्या गोष्टी याच रकान्यात बसतात.

यावरचा उपाय म्हणून प्रतिपक्षभावन सांगितलं आहे. त्याचा हल्ली सर्रास अर्थ होतो सकारात्मक विचार. राग आला की गुलाबाचं फूल आठवा, रागाच्या जागी प्रेम ठेवा, असे संदेश मलाही सकाळी येतात. सूत्रात गुलाब नाही. सूत्र म्हणतं, याचं फळ दुःख आणि अज्ञान, आणि ते संपणारं नाही, हे बघणं म्हणजे प्रतिपक्षभावन. हा अगदी रुक्ष, हिशेबी उपाय आहे. या नोंदीवर व्याज किती चढणार आहे ते आधी बघ आणि मग सही कर. व्यासांची भाषा तर आणखी कडक. एकदा सोडलेलं पुन्हा धरणारा हा ओकारी चाटणाऱ्या कुत्र्यासारखा, असं स्वतःलाच बजावावं, असं ते म्हणतात. गुलाबापेक्षा हे मला जास्त लागू पडतं. माझा स्वभाव अण्णांवर गेलाय.

मग आसनांचा, प्राणायामाचा काही उपयोगच नाही का? आहे, आणि मी सांगते तो माझ्यापुरता. चित्त विखुरलं की सोबत कोण कोण येतं याची यादी पहिल्या पादात आहे. दुःख, मनाची खंत, अंगाला सुटणारा कंप, आणि श्वास-उच्छ्वासाचं बिघडणं. चारांतले दोन उघडउघड शरीराचे. आणि तीन सूत्रं पुढे एक साधासा पर्याय, श्वास बाहेर सोडून धरणं. मला पूर्वी राग आला हे तोंडातून वाक्य गेल्यावर कळायचं. रोज सकाळी बसून उच्छ्वास लांबवण्याचा सराव करता करता एवढंच झालं की बिघाड आधी ऐकू यायला लागला. माझा श्वास वरच्या वर अडकतो, जीभ टाळूला चिकटते, डाव्या हाताचा अंगठा मुठीत जातो. हे तिन्ही झाले की समजायचं, पुढचं वाक्य धड असणार नाही. राग कमी झालाय असा माझा दावा नाही. तो कुठे उभा आहे ते दिसतं, एवढंच. अय्यंगार आसनातच यम शोधायला सांगत. एक मांडी ताणून दुसरी ढिली सोडलीत तर ताणलेलीवर हिंसा केलीत, अशी त्यांची मांडणी होती. ती मला आधी अतिशयोक्त वाटायची. आता त्रिकोणासनात दुखऱ्या गुडघ्याला रेटताना स्वतःशीच ‘वळण लागावं म्हणून’ असं चाललेलं पकडलं जातं, तेव्हा पटते.

तरी अहिंसा साधली की नाही याची कसोटी सूत्रकारांनी आपल्या हातात ठेवलेली नाही. पस्तिसावं सूत्र म्हणतं, अहिंसा पक्की झाली की त्या माणसाच्या सान्निध्यात वैर गळतं. पारंपरिक चित्रांत मग वाघ आणि गाय एका ओढ्यावर पाणी पितात. मला वाघ नको. मी सूत्रातला ‘सान्निध्यात’ एवढाच भाग घेते. पुरावा आपल्या आत नाही, जवळ बसलेल्यांत आहे. मला किती शांत वाटतं, ध्यान किती लागलं, हे सगळं माझं माझ्याबद्दलचं प्रशस्तिपत्र. मी स्वयंपाकघरात शिरल्यावर तिथलं बोलणं सुरू राहतं की विषय बदलतो? काम करणाऱ्या मावशी फुटलेली वाटी दाखवतात की कागदात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी घालतात? अण्णांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज नव्हता, शेजारच्या रेडिओला होता.

म्हणून मी मुलाला विचारलं. तो आता चाळिशीचा आहे, बंगळूरला असतो. दिवाळीत आला होता. म्हटलं, ‘‘लहानपणी आजोबांचा गुरुवार होता, तसा माझा कोणता वार होता रे?’’ मला वाटलं, तो हसून ‘तुला कुठे काय’ म्हणेल. त्याने क्षणभरही विचार केला नाही. ‘‘शनिवार संध्याकाळ. बँक अर्धा दिवस असायची ना. तू झोपून उठलीस आणि चहा झाला की त्यानंतर. आणि मार्चमध्ये कधीच नाही. मार्च एंडिंगला बाबासुद्धा तुला काही सांगायचे नाहीत.’’ सुनेने मान हलवली, म्हणजे हे वेळापत्रक तिच्यापर्यंतही पोचलेलं होतं. माझ्या नकळत माझ्या घराने पंचांग केलं होतं, आणि गंमत म्हणजे मी कोणताच नेम धरलेला नव्हता. अण्णांनी निदान बुधवारपासून तयारी केली होती. माझा शनिवार नुसता झोप झाल्यामुळे आलेला.

‘‘आणि हल्ली?’’ मी विचारलं.

‘‘हल्ली आम्ही फोनवर असतो,’’ तो म्हणाला. ‘‘फोनवर कळत नाही.’’

सध्या मी त्या चौतिसाव्या सूत्रातल्या तिसऱ्या सहीशी झगडते आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी रात्रपाळीच्या वॉचमनचा फोटो आला, खुर्चीत झोपलेला. खाली ‘याचा पगार कापा’. त्याखाली भराभर अंगठे. अंगठा दाखवणं ही आजची अनुमोदनाची मुद्रा, आणि ती करायला आसनही लागत नाही. मूळ कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दिवसपाळीचा माणूस गावी गेल्यामुळे हा सलग दोन पाळ्या करत होता, आणि एजन्सीने बदली दिला नव्हता. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. मग न लिहिणं म्हणजे काय? उपेक्षा, की अनुमोदन? आमच्या वाचनगटात यावर दोन बैठका वाद झाला. निवृत्त संस्कृत शिक्षक असलेले एक गृहस्थ म्हणाले, अनुमोदनाला मनाची संमती लागते, मौन पुरत नाही. एक बाई वकील आहेत, त्या म्हणाल्या, ज्याला बोलता येत होतं त्याचं मौन कोर्टात वेगळं वाचलं जातं. मला आई आठवत होती. तिला बोलता येत नव्हतं. मला येतं.

सोसायटीच्या मासिक सभेत मी बोलले. पगार कापायला विरोध केला, एजन्सीला पत्र लिहायचं सुचवलं. श्वास वर अडकला होता, अंगठा मुठीत होता, म्हणजे जे काही निघालं त्याला सौम्य म्हणता येणार नाही. मध्यम असावं. मूळ कोणतं, क्रोध की मोह, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. धर्माचं काम करतेय या भावनेने माणूस किती तापतो, ते मी घरी पाहिलेलं आहे. पगार कापला गेला नाही. सेक्रेटरींनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. लिफ्टमध्ये भेटलो की ते मोबाइलमध्ये बघतात. सूत्रकारांनी माणसांचे चार वर्ग केले आहेत. सुखी, त्यांच्याशी मैत्री. दुःखी, त्यांच्याबद्दल करुणा. पुण्यवान, त्यांच्याबद्दल आनंद. अपुण्यवान, त्यांची उपेक्षा. सेक्रेटरी यांपैकी कशात बसतात ते चार मजले खाली उतरेपर्यंत काही ठरत नाही. गुडघे त्यांचेही दुखतात, सोसायटीचं काम ते फुकट करतात, आणि तो फोटोही त्यांनीच टाकला होता. आणि मी त्यांच्या कोणत्या रकान्यात आहे, हे त्यांनी मोबाइलमधून मान वर काढल्याशिवाय मला कळायचं नाही.